धाकट्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. इस्पितळाला आधी काय काय सांगून ठेवू?

धाकट्याची_ताई

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा आहे. डाउन सिंड्रोम आणि त्यासोबत बरीच बौद्धिक अक्षमता. (वाचन-लेखनात अडचण येते ती अध्ययन अक्षमता वेगळी, मी तिच्याबद्दल विचारत नाहीये.) तीसेक शब्द बोलतो, त्यातले निम्मे घराबाहेर कुणाला कळत नाहीत. बाकीचं सगळं हातांनी, डोळ्यांनी आणि हट्टानं सांगतो, आणि घरात तेवढं पुरतं.

तीन आठवड्यांनी त्याचं पित्ताशय काढायचं आहे, दुर्बिणीतून. सर्जन म्हणतात, नेहमीचं ऑपरेशन आहे, आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. मला धास्ती आहे ती ऑपरेशनच्या आधीच्या आणि नंतरच्या तासांची.

दोन महिन्यांपूर्वी एका रात्री तो माझ्या खोलीत आला आणि मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. त्याला किती वाजले ते कळत नाही, पण घड्याळ तो अंघोळीलासुद्धा काढत नाही. काढतो ते फक्त कुठे दुखत असलं की. लहानपणी कान फुटला होता तेव्हा काढलं, दाढ दुखली तेव्हा काढलं, पाय मुरगळला तेव्हाही. रडत नाही, ओरडत नाही, घड्याळ आणून देतो. त्या रात्री ते देऊन जमिनीवर बसला, गुडघे पोटाशी घेतले आणि थोड्या वेळानं कपाळ भिंतीवर आपटायला लागला.

तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांना मी सांगितलं की ह्याला खूप दुखतंय, बहुतेक पोटात. त्यांनी पोटाला हात लावायला घेतला, ह्यानं तो झटकला, आणि तपासणी तिथेच संपली. ‘अशा पेशंटचं असं होतं कधीकधी,’ म्हणाले. शांत झोप लागेल असं औषध लिहून दिलं. घड्याळाचं मी दोनदा सांगितलं होतं, केसपेपरवर ते उतरलं नाही. चौथ्या दिवशी त्याचे डोळे पिवळे दिसले. मग सोनोग्राफी झाली आणि कळलं की पित्ताशयात खडे आहेत आणि एक खडा पित्तनलिकेत अडकलाय. चार दिवस त्यानं ते सोसलं होतं.

अडकलेला खडा तोंडातून दुर्बीण घालून काढला. त्या मुक्कामात रक्त घेताना चौघांनी त्याला धरलं, एकजण जवळजवळ छातीवर होता. सुई तीनदा टोचली. भुलीतून जागा झाला तेव्हा मी दाराबाहेर होते. आतून त्याचा आवाज येत होता, तो ‘ताई’च म्हणत होता, आणि मला ‘थांबा, शुद्धीवर येतायत’ म्हणून थांबवून ठेवलं. आत गेले तोवर त्यानं सलाईन उपटलेलं होतं आणि हात पलंगाला बांधलेले होते. त्या दिवसापासून घरात कुणी दंडाला स्पर्श केला तरी दचकतो.

ह्या वेळी मला हात जोडून उभं राहायचं नाही. आधीच जाऊन बोलायचं आहे. पण नेमकं कुणाला भेटू? काय मागितलं तर ते शक्य असतं आणि काय मागितलं तर ‘नियमात बसत नाही’ म्हणतील? ज्यांनी हे केलं आहे, किंवा जे इस्पितळाच्या आतल्या बाजूला आहेत, त्यांनी कृपया सविस्तर सांगा. लांबलचक प्रतिसाद चालतील.

---

रात्रपाळीची_सिस्टर

ताई, मी २२ वर्षं सर्जिकल वॉर्डात आहे. तुमचं इस्पितळ माझं नव्हे, पण धरणाऱ्या चौघांत मीही उभी राहिलेली आहे, एका मुलीच्या वेळी. तिचं तोंड अजून आठवतं. म्हणून वेळ काढून लिहितेय.

पहिलं म्हणजे भरती व्हायच्या दिवशी काही मागू नका. त्या दिवशी सगळे धावपळीत असतात आणि ‘नाही’ म्हणणं सोपं असतं. निदान आठ-दहा दिवस आधी जा आणि दोनच माणसांना भेटा, वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरना आणि भूलतज्ज्ञांना. सर्जन चांगले असतील, पण तुमच्या भावाचे ते तास सर्जनच्या हातात नसतात, ह्या दोघांच्या हातात असतात. इन्चार्ज सिस्टर दुपारी दोनच्या सुमाराला जरा मोकळ्या सापडतात. धाकट्यालाही एकदा सोबत न्या, नुसतं वॉर्डात फिरून यायला. पलंग वरखाली होतो ते त्याला करू द्या. त्या दिवशी त्याला कुणी टोचायचं नाही, तपासायचं नाही, एवढं सिस्टरना सांगून ठेवा.

दुसरं, एक कागद. ब्रिटनमध्ये ह्याला हॉस्पिटल पासपोर्ट म्हणतात आणि तिथे बौद्धिक अक्षमता असलेले पुष्कळ लोक तो सोबत घेऊन येतात. त्याची एक पद्धत सिग्नलच्या रंगांची आहे. लाल भागात जिवाशी संबंध असलेलं: औषधं, ॲलर्जी, फिट येतात का, गिळताना ठसका लागतो का, दुखतंय हे कसं ओळखायचं. पिवळ्या भागात रोजचं: खातो कसा, संडासला जायचंय हे कसं सांगतो, गोळी चावतो की गिळतो. हिरव्यात आवडी-निवडी. तुम्हाला छापील नमुना मिळाला नाही तरी चालेल, हातानं लिहा. पण एकाच कागदावर, पाठपोट. चार पानं लिहिलीत तर रात्री अडीच वाजता ती कुणी वाचणार नाही, मीसुद्धा नाही.

आणि त्या कागदावर सगळ्यात वर लिहा की बरा असतो तेव्हा तो कसा असतो. हे लोक विसरतात. मी तुमच्या भावाला पहिल्यांदा पाहीन तेव्हा तो गप्प पडलेला असेल. मला वाटेल, वा, शांत पेशंट आहे. घरी तो दिवसभर बडबड करतो हे मला माहीत असेल तरच त्या गप्पपणाची मला भीती वाटेल. त्याखाली घड्याळाचं लिहा, मोठ्या अक्षरात. कागदाच्या तीन प्रती काढा. एक फाइलच्या पहिल्या पानावर लावून घ्या, एक पलंगाच्या उशाशी, एक तुमच्या पर्समध्ये. दिवसातून तीनदा ड्यूटी बदलते आणि तोंडी सांगितलेलं दुसऱ्या पाळीपर्यंत निम्मं उरतं. ड्यूटी बदलताना सिस्टर पलंगापाशी येऊन एकमेकींना पेशंट सोपवतात, तेव्हा तिथे उभ्या राहा आणि घड्याळाचं वाक्य प्रत्येक वेळी स्वतः म्हणा. कुणाला राग आला तर येऊ दे.

सुईचं. त्वचा बधिर करणारं लिडोकेन-प्रिलोकेनचं मलम मिळतं. ते जाड थरानं लावून वर पारदर्शक पट्टी चिकटवायची आणि निदान एक तास थांबायचं. घाईत वीस मिनिटांत टोचलं तर काही उपयोग नाही, मग म्हणतात मलम चालत नाही. दोन्ही हातांवर लावा, म्हणजे एक शीर सापडली नाही तर दुसरीकडे पुन्हा तासभर थांबावं लागत नाही. डॉक्टरांना विचारा की सांगितलेल्या रक्ताच्या तपासण्यांतल्या खरंच किती लागणार आहेत, आणि सलाईनची सुई लावतानाच त्यातून रक्त घेता येईल का. बहुतेक वेळा येतं. आणि एकानं दोनदा प्रयत्न केल्यावर नाही जमलं तर थांबायचं आणि वरिष्ठांना बोलवायचं, हे आधीच ठरवून घ्या.

पलंग कुठे मागायचा ह्यात मला एकच एक उत्तर देता येत नाही. बाजूची खोली शांत असते, पण नजरेआड असते, आणि तुमचा भाऊ बेल दाबून कुणाला बोलावणार नाही. घरचं कुणी चोवीस तास असेल तर शांत खोली घ्या. नसेल तर गोंगाट चालेल, पण सिस्टरच्या टेबलासमोरचा पलंग घ्या.

घरचं माणूस सोबत असू द्या म्हणून मागणी करा, पण एक लक्षात ठेवा. तुम्ही तिथे त्याची भाषा कळणारं माणूस म्हणून आहात. कूस वळवणं, अंग पुसणं, लघवी मोजणं ही कामं आमची आहेत, घरचं माणूस म्हणजे फुकटची आया नव्हे. दोघांनी पाळ्या लावा. तिसऱ्या रात्री झोप न झालेली बहीण कुणाच्या उपयोगाची नसते.

शेवटचं, पोट साफ होण्याचं. ऑपरेशननंतरच्या काही वेदनाशामकांनी बद्धकोष्ठ होतं, आणि तो सांगणार नाही. हे हसण्यावारी नेऊ नका. बौद्धिक अक्षमता असलेली माणसं आतडं तुंबून दगावलेली आहेत, तीसुद्धा इस्पितळात, लोकांच्या डोळ्यांदेखत. रोज नोंद ठेवा आणि पहिल्या दिवसापासून विचारा.

---

तिघांचे_बाबा

सिस्टरनी लिहिलेलं सोन्यासारखं आहे. माझं एका ठिकाणी मात्र वेगळं मत आहे. वॉर्ड आधी दाखवा म्हणतात. माझा मधला १९ वर्षांचा आहे, बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता. त्याला आम्ही आठ दिवस आधी वॉर्ड दाखवला आणि आठ दिवस तो झोपला नाही. रोज पहाटे बूट घालून दाराशी उभा. दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी आदल्या संध्याकाळी सांगितलं, फोनवर फोटो दाखवले: हे दार, ही लिफ्ट, हा पलंग, हे टोपी घातलेले काका, मग झोप, मग बाबा, मग घर. सहा फोटो. ते त्यानं रात्रभर स्वतःच चाळले आणि सकाळी शांतपणे निघाला. तुमच्या भावाला ‘उद्या’ आणि ‘परवा’ कितपत कळतं त्यावर ठरवा. ज्याला ‘उद्या’ कळत नाही त्याच्यासाठी आठ दिवस आधी सांगितलेली गोष्ट आठही दिवस आत्ताच घडणार असते.

आणखी एक, फिटची औषधं घेणाऱ्यांसाठी. आम्हाला ‘सकाळपासून काहीही द्यायचं नाही’ सांगितलं, आम्ही फिटची सकाळची गोळीही दिली नाही. नंबर लागला दुपारी एक वाजता. त्याआधी ट्रॉलीवरच फिट आली. नंतर भूलतज्ज्ञ म्हणाले, ती गोळी घोटभर पाण्यासोबत द्यायला हवी होती, कुणी विचारलं नाही का? कुणी सांगितलंही नव्हतं. प्रत्येक औषधाचं नाव घेऊन विचारा: हे त्या सकाळी द्यायचं की नाही.

---

भूल_आणि_मी

भूलतज्ज्ञ आहे, अशा पेशंटना नियमित भूल देते. ताई, तुम्ही मला आधी भेटायला आलात तर मी तुमचे आभारच मानेन. ऑपरेशनच्या दिवशी दारात पहिल्यांदा भेटणारा पेशंट आम्हाला कठीण जातो.

डाउन सिंड्रोममध्ये आमची स्वतःची काळजी वेगळी असते, ती तुम्हाला ठाऊक असलेली बरी. जवळजवळ निम्म्या बाळांना जन्मतः हृदयाचा काही ना काही दोष असतो. लहानपणी झालेली इको (हृदयाची सोनोग्राफी) किंवा शस्त्रक्रिया असेल तर ते कागद आणा, पिवळे पडलेले असले तरी आणा. थायरॉइड बऱ्याच जणांचं कमी असतं, अलीकडची तपासणी नसेल तर करून घ्या. काही जणांत मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो, म्हणून श्वासाची नळी घालताना मान मागे फार वाकवायची नसते. अलीकडे चाल बदलली आहे का, पायात ताकद कमी वाटते का, कपड्यात लघवी व्हायला लागली आहे का, हे मी विचारेन. ह्यांतलं काही असेल तर ते मणक्याकडे बोट दाखवतं. घोरतो का, झोपेत श्वास अडकतो का, तेही सांगा, कारण ऑपरेशननंतरच्या रात्री आम्ही त्यावर लक्ष ठेवतो.

यादीत पहिला नंबर मागा. हे मागणं वाजवी आहे आणि बहुतेक ठिकाणी जमतं. घन अन्न सहा तास आणि साधं पाणी दोन तास आधी बंद, हा सर्वसाधारण नियम आहे. तुमच्यासाठी नेमका वेळ तुमचे भूलतज्ज्ञ सांगतील. पहिला नंबर असला की उपवास बराचसा झोपेत जातो. दुपारपर्यंत उपाशी ठेवलेला माणूस कुणाचंच ऐकत नाही, आणि त्याला मग ‘आक्रमक’ हा शिक्का बसतो.

सुई नको असेल तर वॉर्डातच तोंडावाटे गुंगीचं औषध देता येतं. साधारण अर्ध्या तासात माणूस सैलावतो. श्वासाचं दुखणं असेल तर ते जपून द्यावं लागतं, म्हणून निर्णय भूलतज्ज्ञांचा. पर्याय म्हणून मास्कनं भूल देता येते. मास्क आधी घरी न्यायला मागा. मी देते. भाऊ तो तुमच्या तोंडाला लावेल, मग स्वतःच्या, आणि ऑपरेशनच्या दिवशी ती वस्तू त्याच्या ओळखीची असेल.

अजून एक, जे फार थोडे लोक मागतात. एकाच भुलीत होण्यासारखं जे जे आहे ते करून घ्या. दातांची तपासणी, कानातला मळ, एरवी कापू देत नसेल तर नखं, राहिलेलं रक्त, एखादी लस. ह्यासाठी दोन-तीन विभागांची वेळ जुळवावी लागते, म्हणून ते आत्ताच बोला. जागेपणी चार वेळा धरण्यापेक्षा हे पुष्कळ बरं.

घड्याळाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मी तेव्हापासून विचार करतेय. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, धातूची वस्तू अंगावर ठेवता येत नाही, विजेवर चालणारी उपकरणं वापरतो, भाजण्याचा धोका असतो. ते काढावंच लागेल. पण कधी काढायचं हे ठरवता येतं. त्याला झोप लागल्यावर मी काढेन, आणि शुद्धीवर येण्याआधी मनगटावर परत बांधेन. रिकव्हरीत, म्हणजे शुद्धीवर आणतात त्या खोलीत, डोळे उघडण्याआधी तुम्हाला आत बोलावेन. हे फॉर्मवर लिहून घ्या, कारण कदाचित त्या दिवशी वेगळ्या भूलतज्ज्ञांची पाळी असेल.

---

धाकट्याची_ताई

मॅडम, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. त्याचं घड्याळ आधीच काढून घेतलं असतं तर नंतर दुखलं तरी काढायला त्याच्याकडे काही उरलंच नसतं, हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. मागच्या वेळी ते माझ्या पर्समध्ये होतं, सगळे दिवस.

---

व्यवहारी_माणूस

भावना समजतात. पण एका सिस्टरकडे वीस-वीस पेशंट असतात. एकासाठी पहिला नंबर, एकासाठी शांत खोली, एकासाठी घड्याळ. बाकीच्यांनी काय करायचं? चौघांनी दोन मिनिटं धरलं, रक्त घेतलं, विषय संपला, असंही बघता येतं.

---

सार्वजनिक_आरोग्य

विषय तिथे संपत नाही. धरून रक्त घेतलं की पुढच्या वेळी तो माणूस इस्पितळाच्या दारातच येत नाही, घरचेही टाळतात, आणि मग आजार हाताबाहेर गेल्यावर तातडीनं आणावं लागतं. त्यात त्या सिस्टरचा वेळ जास्त जातो.

तातडीच्या विभागात ताईंच्या भावाचं जे झालं त्याला वैद्यकात नाव आहे, ‘डायग्नॉस्टिक ओव्हरशॅडोइंग’. लक्षण दिसतं, पण ‘हे त्याच्या मंदपणामुळेच’ असं धरून मूळ आजार शोधलाच जात नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये मानसिक आजारांच्या संदर्भात हे मांडलं. आपण त्याला निदानावर पडलेली सावली म्हणू. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात बौद्धिक अक्षमता असलेल्या २४७ जणांच्या मृत्यूंची एकेक करून चौकशी झाली, अहवाल २०१३ मध्ये आला. सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत त्यांच्यातले पुरुष सरासरी १३ वर्षं आधी आणि स्त्रिया २० वर्षं आधी गेल्या होत्या. निदानाला आणि उपचाराला झालेला उशीर, घरच्यांचं न ऐकणं, ह्या गोष्टी त्यात पुन्हा पुन्हा येतात.

आणि हे उपकार म्हणून मागायचं नाही. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार २००६ चा आहे. त्याचं २५ वं कलम म्हणतं की इतरांना मिळते त्याच दर्जाची आरोग्यसेवा अपंग व्यक्तींना मिळाली पाहिजे. व्हीलचेअरसाठी उतार बांधला तर इतरांवर अन्याय झाला असं कुणी म्हणत नाही. ह्या माणसांचा उतार म्हणजे वेळ, सोपे शब्द आणि त्यांना ओळखणारं माणूस.

---

मी_स्वतः_सांगतो

मी २७ वर्षांचा आहे. मला बौद्धिक अक्षमता आहे. टाइप वहिनी करते. शब्द माझे आहेत. वहिनीनं बदलले नाहीत.

माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर वहिनीशी बोलले. मी मध्ये बसलो होतो. पोट माझं होतं.

मला मोठी वाक्यं कळत नाहीत. छोटी कळतात. एक सांगा, मग थांबा. मला वेळ लागतो. मी गप्प असलो म्हणजे मला कळलं असं नाही. कळलं का विचारलं की मी हो म्हणतो. सगळे खूश होतात म्हणून म्हणतो. मला विचारा, काय कळलं ते सांग. मग कळेल.

हात लावायच्या आधी सांगा. ‘थोडंसं दुखेल’ म्हणालात आणि खूप दुखलं तर मी परत ऐकणार नाही.

एक सिस्टर होत्या. त्यांनी त्यांच्या स्वतःच्या हाताला पट्टा लावला, बीपीचा. मग मला. मग मी त्यांना लावला. त्या चांगल्या होत्या.

ताई, भावाला विचारा. चित्र काढून विचारा. त्याचं पोट आहे.

---

धाकट्याची_ताई

ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले. तो घरी आहे, माझ्या शेजारी बसून टाक्यांवरची पट्टी दर पाच मिनिटांनी बघतोय. उशीर झाला लिहायला.

‘मी_स्वतः_सांगतो’, तुम्हाला आधी लिहिते. तुमचं वाचल्यावर मी खडबडून जागी झाले. एकतीस वर्षं मी त्याच्या वतीनं बोलतेय आणि ह्या ऑपरेशनचं त्याला एकदाही विचारलं नव्हतं. मग वहीत माणसाचं पोट काढलं, आत पिशवी, पिशवीत दगड. त्याला दाखवलं. त्यानं स्वतःच्या पोटाला हात लावला, उजवीकडे, बरोब्बर तिथेच. मग चित्रातल्या दगडांवर पेनानं काट मारली. किती कळलं ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण भूलतज्ज्ञांना भेटायला गेलो तेव्हा ती वही त्यानं स्वतः उघडून त्यांच्यापुढे धरली, आणि त्या त्याच्याशी बोलल्या, माझ्याशी नाही. सही कायद्यानं जशी लागते तशी झाली. पण त्याआधी तेही झालं.

कागद केला, पाठपोट. सगळ्यात वर ‘बरा असतो तेव्हा सतत गुणगुणतो. गप्प असेल तर काहीतरी बिनसलं आहे’. त्याखाली घड्याळ. पहिला नंबर मिळाला. तिघांच्या बाबांचं ऐकलं आणि वॉर्ड आधी दाखवला नाही, फोटो दाखवले, आदल्या दिवशी. मास्क आठ दिवस घरात होता. आईला, मला, फ्रिजला, सगळ्यांना लावून झाला. ओटीच्या दारात हिरवे कपडे बघून थबकला, पण मास्क बघितल्यावर स्वतःच हात पुढे केला. मलम, गुंगीचं औषध, सगळं सांगितल्याप्रमाणे. भुलीतच दातही बघून घेतले.

रिकव्हरीत मला आधी बोलावलं. घड्याळ मनगटावर होतं. डोळे उघडले, मला बघितलं, घड्याळ बघितलं, परत झोपला. एवढंच. मी मात्र तिथल्या खुर्चीत बसून रडले.

सगळं सुरळीत झालं असं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला रक्त न्यायला दुसऱ्याच विभागातला एक मुलगा आला, दिवा लावला, पांघरूण ओढलं आणि हात धरला. उशाशी लावलेला कागद त्यानं बघितला नाही. मी खुर्चीत डुलकी घेत होते. धाकटा किंचाळला, सलाईन निघालं. सिस्टर धावत आल्या आणि पहिल्यांदा त्या मुलाला थांबवलं, धाकट्याला नाही. मलम लावून सातनंतर परत घेतलं. पण त्यानंतर पूर्ण दिवस त्यानं कुणाला जवळ येऊ दिलं नाही, मलासुद्धा. आता कुणी असं भरती होणार असेल तर पलंगावर कागद लावता तसा दारावरही लावा: ‘आत येण्याआधी सिस्टरना भेटा’.

डिस्चार्जच्या वेळीही तसंच. सगळ्या सूचना बारीक अक्षरात, आणि तोंडी म्हणाले, ‘दुखलं तर सांगायला सांगा.’ दोन दिवस ज्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं की हा सांगत नाही, तेच म्हणाले. मी तिथेच बसून एकेक वाक्य विचारून घेतलं, वहीत चित्रं काढली: अंघोळ कधी, जड उचलायचं नाही, ताप आला तर कुणाला फोन. पाऊण तास लागला. मागे रांग होती. तरी बसले.

आता ज्यासाठी मुद्दाम लिहायला बसले ते. दुसरी रात्र. माझी पाळी नव्हती, आमचा मोठा दादा सोबत होता आणि तो गाढ झोपला होता. रात्री तीनच्या सुमाराला धाकट्यानं घड्याळ काढून पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवलं. रडला नाही, हलला नाही. रात्रपाळीच्या सिस्टर बीपी घ्यायला आल्या, त्यांना टेबलावर घड्याळ दिसलं. त्यांनी कागद वाचलेला होता. दादाला न उठवता डॉक्टरांना फोन केला, इंजेक्शन दिलं, आणि तिथेच थांबल्या. वीस मिनिटांनी त्यानं घड्याळ उचलून परत बांधलं. हे सगळं मला सकाळी नोंदवहीतून कळलं. त्यांनी वेळ घालून लिहिलं होतं: ‘०३:१०, घड्याळ काढले. वेदना समजून औषध दिले. ०३:४०, घड्याळ घातले.’

त्या पानाचा मी फोटो काढून ठेवलाय. पुढच्या वेळी कागदासोबत तोही लावणार.

दातांच्या तपासणीत दोन दाढा किडलेल्या निघाल्या, म्हणजे पुढची वेळ फार लांब नाही. त्याबद्दल विचारायचं आहे, वेगळा धागा काढते.